दाजींच्या फॉर्मचा अकरावा रकाना

हळ्ळीखेड (बी)
४ ऑगस्ट २०२४

अक्का, शरणु शरणार्थी, पाया पडतो.

तू माझा नंबर बंद करून टाकलीस म्हून पत्र लिहायलोय. फॉर्म सोडले तर पंधरा वर्षांत मी काही लिहिलो न्हाई, तवा चुकलं-माकलं पोटात घाल.

त्या दिवशी तू दाजींच्या विमा कंपनीचं पत्र घेऊन माझ्या ओसरीवर बसलीस. "इंग्रजी हाय, वाच," म्हणलीस. मी मनात वाचलो आन् तुला म्हणलो, "काही कागद कमी पडलेत अक्का, बघतो मी." मल्ली तुझ्यासंगट आलीय, ती नर्सिंग शिकायली, तिला इंग्रजी येतं, हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं. पोरगी माझ्या हातातून पत्र घेतली आन् तुला मराठीत सांगितली. संगमेश्वर यांनी मधुमेहाची माहिती जाणूनबुजून लपवून पॉलिसी घेतली, म्हणून दावा नामंजूर.

तू एकदाच विचारलीस, "जाणूनबुजून म्हणजे?"

माझी महानंदा चहा घेऊन बाहेर आली तवर तू चपला घातल्या होत्यास.

मी खोटं वाचलो, ते चुकलं. तुझ्या तोंडाकडं बघून हाय तसं वाचायचं धाडस झालं न्हाई, येवढंच समज.

आता कामाचं ऐक. पॉलिसी २९ मार्च २०२१ ची. दाजी गेले ३ फेब्रुवारी २०२४ ला. पॉलिसीला तीन वर्षं पुरी झाली असती तर कंपनीला फॉर्मवरून कसलीच हरकत घेता आली नसती, तसा कायदाच हाय. पंचावन्न दिवस कमी पडले. तीन वर्षांच्या आत माणूस गेला की ते चौकशी लावतात. दाजींनी मला साखरेचं सांगितलं असतं तर मी फॉर्मवर लिहिलो असतो. माणूस विसरतो, त्यांना बी दोष न्हाई.

अजून एक रस्ता उघडा हाय. विम्याचे लोकपाल असतात, कंपनी आन् माणसामधलं भांडण ऐकून निकाल देतात. फी न्हाई, वकील लागत न्हाई. पण नकाराचं पत्र १८ जुलैचं हाय, तिथून एका वर्षाच्या आत जावं लागतं. एजंटाला तुझ्या वतीनं जाता येत न्हाई. वारस म्हून पॉलिसीवर तुझं नाव हाय, सही तुझीच लागती. फॉर्म सोबत ठेवलोय. पेन्सिलीनं फुली केलोय तिथं सही कर आन् धाड.

तुझा,
प्रभुलिंग


हळ्ळीखेड (बी)
२२ सप्टेंबर २०२४

अक्का,

मल्लीचा फोन आला होता. "मामा, आई तुमचं पाकीट फोडत न्हाई. देवळीत ठेवती, नवं आलं की जुन्यावर ठेवती," म्हणली. म्हणजे ऑगस्टपासून मी धाडलेली तिन्ही पाकिटं तिथंच हायत. कॉलेजच्या फीचं मी बघतो म्हणलो तर ती म्हणली, "नको मामा, आई शपथ घातलीय."

पत्र फोडलंच जात न्हाई म्हणल्यावर लिहायला सोपं जायलंय.

मे म्हैन्यात तो चौकशीवाला ठाणाकुशनूरला आला, तवा तू त्याला जेवायला वाढलीस. "साहेबांना काय त्रास होता?" असं विचारला तर तू आत जाऊन बिदरच्या दवाखान्याची फाइल आणून दिलीस. पाच वर्षांच्या चिठ्ठ्या, तारखेवार लावलेल्या. तुला आधी फोन करून "काही देऊ नकोस" म्हणावं असं माझ्या मनात आलं होतं. केलो न्हाई. तू ऐकली नसतीस, आन् कामून असं विचारली असतीस.

अप्पा गेले तवा तू चौदाची, मी सातचा. मन्नाएखेळ्ळीच्या पुढं त्यांची लॉरी उलटली. मालक मातीचा खर्च केला, एक पोतं ज्वारी उतरवून दिला आन् हात जोडला. त्याच्या बाजूनं ते तिथंच संपलं. दुसऱ्या म्हैन्यात तू आठवीतून नाव काढून हुमनाबादच्या डाळमिलला जायला लागलीस. सांजच्याला यायचीस तवा केसांत, भुवयांत तुरीचा भुसा. अव्वा तुझं डोकं झाडायची आन् मी हसायचो, म्हातारी झाली अक्का म्हून. माझी बी.ए. पर्यंतची फी, अव्वाची औषधं, सगळं त्या भुशातून निघालं.

एजंट झाल्यावर मी दारोदार हीच गोष्ट सांगायचो. लोक विचारायचे, पैसा किती वर्षांत दुप्पट होतो? मी सांगायचो, विमा म्हणजे बचत न्हाई. घरात एकाच्या कमाईवर चार जण जेवतात. तो एक उद्या गेला तर मागच्यांची चूल काही वर्षं तरी चालावी, म्हून हजार घरं थोडं थोडं एकत्र टाकतात, आन् ज्या घरावर वेळ येती त्या घराला त्यातलं देतात. कुणाच्या चौदा वर्षांच्या पोरीला शाळा सोडावी लागू नये, येवढाच त्याचा अर्थ. तुझं नाव न घेता मी तुझंच सांगायचो अक्का. ऐकून बायका नवऱ्याला म्हणायच्या, करा सही.

आन् मग तुझ्याच घरात

आज इतकंच.

प्रभू


हळ्ळीखेड (बी)
५ फेब्रुवारी २०२५

अक्का,

परवा दाजींच्या वर्षाला मी आलो. तू "जा" म्हणली न्हाईस, "ये" बी म्हणली न्हाईस. पंगतीत जागा होती, बसलो. माझ्या बाजूला दाजींचा चुलतभाऊ वीरभद्रप्पा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणला, "संगमेश्वर माणूस देवासारखा. पण कंपनीला फसवायला गेला, तिथं घात झाला. बायकोपोरीला काही मिळालं न्हाई."

तू गव्हाची गोड हुग्गी वाढायली होतीस. तुझा हात थांबला न्हाई. त्याच्या ताटात वाढलीस, मग माझ्या ताटात वाढलीस.

मी खाल्लो.

बसमध्ये भालकीपर्यंत मला वाटायलंतं, कुणीतरी मला विचारावं. कुणी विचारलं न्हाई. म्हून आता लिहितो.

२०२१ चा मार्च. शेवटचा आठवडा. माझे वरचे ऑफिसर सोमशेखर साहेब दर तासाला फोन करायलेते. वर्षाच्या आकड्याला मला दोन पॉलिसी कमी होत्या. पुऱ्या झाल्या की सभेत शाल, टाळ्या, गोव्याची ट्रिप. एक पॉलिसी दवाखान्यातल्या कंपाउंडरची झाली. दुसरीसाठी मी बिदरजवळ कोळारला, दाजींच्या गोदामावर गेलो. जेवायची सुट्टी होती. दाजी पोत्यांच्या थप्पीला टेकून डबा खायलेते.

"दाजी, हितं सही करा," म्हणलो.

ते हात धुऊन आले, चष्मा घातले. सुपरवायझर माणूस, कागद बघितल्याशिवाय सही करायची सवय न्हाई. "हे काय काय विचारलेत रं?"

"तब्येतीचं. सगळं नाही-नाही हाय."

"प्रभू, माझी साखरेची गोळी चालू हाय. दोन वर्षं झाली. ते लिही."

"दाजी, आजकाल साखर कुणाला न्हाई? लिहिलं तर रक्त तपासायला बोलावतील, पंधरा दिवस जातील."

"जाऊ देत की. मला कुठं घाई हाय?"

"मला हाय," म्हणलो मी.

ते हसले. "बरं बाबा. त्यातलं तुला कळतंय." म्हणून सही केले. डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवले आन् म्हणले, "खा, उन्हाचा आलास."

अकराव्या रकान्यात 'नाही'वरची खूण माझ्या हातची हाय.

खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं ते बी ऐक. रक्त तपासलं असतं. साखर आटोक्यात होती, पॉलिसी मिळालीच असती, फक्त हप्ता थोडा वाढला असता. म्हैन्याला किलोभर तूरडाळीयेवढा. आन् आज पूर्ण रक्कम तुझ्या हातात असती. साखर असणाऱ्याला विमा देतच न्हाईत असं न्हाई. सांगितलेली साखर चालती, लपवलेली चालत न्हाई. हे मला त्या दिवशी पोत्याजवळ उभा होतो तवा बी माहीत होतं. मी ट्रिपला गेलो. तुला तिथून काजू आणलो होतो.

पहिल्या पत्रात लिहिलो की दाजींनी सांगितलं न्हवतं. ते पत्र फाडून टाक. फोडली नसशील तर तसंच चुलीत घाल.

वीरभद्रप्पाला मी पंगतीतच सांगू शकलो असतो. माझ्या तोंडात हुग्गी होती.

प्रभू


हळ्ळीखेड (बी)
१२ एप्रिल २०२५

अक्का,

हुमनाबादला जाऊन नोटरीपुढं लिहून दिलो. विमेदारानं आजार मला तोंडी सांगितला होता, मी स्वतःच्या फायद्यासाठी तो लिहिला नाही. खाली माझी सही, अंगठा, फोटो.

सोमशेखर साहेबांना दाखवलो. ते दार लावून घेतले. "येडा झालायस काय प्रभुलिंग? एजन्सी जाईल. उद्या तुझ्यावरच केस. आन् येवढं करून बाईला मिळंलच असं न्हाई. सही विमेदाराची हाय, कायदा सहीला धरून बसतो." त्या वर्षी त्यांनाच घाई होती, हे मी बोललो न्हाई.

महानंदा पोळ्या लाटायली होती. कागद वाचली. "तवाच बोलला असता तर एकाच घराचं गेलं असतं," म्हणली. "आता दोन घरांचं जायलंय." मी कागद उचलायला लागलो तर म्हणली, "फाडू नका. फाडा म्हणले न्हाई मी."

पण अक्का, हा कागद माझ्याकडं नुसता पडून हाय. तुझ्या तक्रारीला जोडल्याशिवाय त्याला काही किंमत न्हाई. तू सही करणार न्हाईस, कारण पाकीट फोडणार न्हाईस. पाकिटात काय हाय ते मल्लीला फोनवर सांगायला गेलो तर जीभ उचलली न्हाई. तिच्या बापाचं हाय ते. मी पोस्टात जातो, तिकीट लावतो, टाकतो. त्याच्यापुढं माझ्या हातात काही न्हाई.

सत्त्याण्णव दिवस राहिलेत.

प्रभू


हळ्ळीखेड (बी)
३ जुलै २०२५

अक्का,

तुझं रजिस्टर टपाल आज मिळालं.

आत चिठ्ठी असंल म्हून पाकीट उलटं करून बघितलो. फॉर्मच होता. सगळ्या पानांवर सही, जिथं नको तिथं बी. 'तक्रारीचे स्वरूप' या जागी मी पेन्सिलीनं लिहून दिलो होतो ते तू खोडून काढलीस आन् तुझ्या हातानं लिहिलीस. तुझं अक्षर मी किती वर्षांनी बघितलो. अजून आठवीतलंच हाय, मोठं, ओळीच्या वर चढणारं.

"माझे पती खोटे बोलले नाहीत. तेवढे लिहून द्यावे. पैशाचे तुम्ही बघा."

मल्ली मागून फोनवर सांगितली. आधी तू फेब्रुवारीचं पत्र फोडलीस म्हणं, मग ऑगस्टचं. दोन्ही शेजारी ठेवलीस आन् दोन दिवस जेवली न्हाईस. तिसऱ्या दिवशी पेन मागितलीस.

माझा नोटरीचा कागद जोडून उद्याच बेंगळुरूला लोकपालांकडं धाडतो. पंधरा दिवस हातात हायत.

प्रभू


हळ्ळीखेड (बी)
१९ ऑक्टोबर २०२५

अक्का,

निकालाचा कागद तुला मिळाला असंलच. मल्ली वाचून दाखवली असंल. तरी माझ्या तोंडून ऐक, यावेळी आहे तसं सांगतो.

सुनावणी मोबाइलवर होती. एका चौकटीत तू आन् मल्ली, एका चौकटीत मी, वर लोकपाल साहेब, कंपनीचा माणूस. साहेब मला विचारले, "तुम्हाला आजार माहीत होता?" मी "व्हय साहेब" म्हणलो. "मग का लिहिला नाहीत?" मी म्हणलो, "मार्च होता." ते कळलं न्हाई त्यांना. परत सांगावं लागलं, शालीपासून गोव्यापर्यंत, तुझ्या समोर.

मग ते तुला विचारले, तुम्हाला काय सांगायचंय. तू आधी कानडीत सांगितलीस, मग साहेबांना पोचलं न्हाई असं वाटून मराठीत. "ते सांगितले होते. माझा भाऊ ऐकला न्हाई."

त्याच्यापेक्षा नीट मला बी सांगता आलं नसतं.

निकाल असा हाय. फॉर्मवर सही दाजींची, म्हून पूर्ण रक्कम देता येत न्हाई. पण त्यांनी आजार एजंटला सांगितला होता, फसवायचा हेतू दिसत न्हाई. म्हून कंपनीनं भरलेले हप्ते परत करायचे. 'जाणूनबुजून लपवली' हे शब्द मागं घ्यायचे.

तीन वर्षांचे तीन हप्ते. दाजी आणखी पंधरा वर्षं कमावले असते, त्या सगळ्याच्या जागी त्यांनीच भरलेले पैसे त्यांच्याच घरी परत. याला मी न्याय म्हणू की काय म्हणू मला कळत न्हाई. मी निकाल चार वेळा वाचलो. पाचव्यांदा वाचून काही वाढणार न्हाई.

माझी एजन्सी गेली. बरोबर केले. आता हुमनाबादला हार्डवेअरच्या दुकानात बसायलोय. तू कोळारला पॅकिंगच्या कामाला लागलीस, पहाटेची गाडी धरतीस, हे मल्लीकडून कळलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी परत. डाळमिल सोडवली म्हून मी किती मिरवलो होतो.

गुरुवारी ठाणाकुशनूरला आलो होतो. तुझ्या घराकडं आलो न्हाई. वीरभद्रप्पाच्या दुकानावर गेलो. पाच-सहा माणसं होती. निकालाचं पान काढून मराठीत वाचलो आन् म्हणलो, "संगमेश्वर कुणाला फसवले न्हाईत. फसवलो ते मी."

वीरभद्रप्पा चष्मा वर केला. "असं व्हय," म्हणला. मग विचारला, "चहा घेतोस?"

मी घेतलो. काय करणार. तुला सांगावं म्हून लिहिलो, दुसरं काही न्हाई.

प्रभू


हळ्ळीखेड (बी)
७ डिसेंबर २०२५

अक्का,

काल अकराच्या सुमाराला मी खिळे तोलायलो होतो आन् तुझा फोन आला. दीड वर्षानं. तुझं नाव बघून गिऱ्हाइकाला तसंच सोडून रस्त्यावर आलो.

"प्रभू?"

"व्हय अक्का."

"आज सुट्टी हाय मला. औरादचा एक एजंट आलाय घरी. माझ्या नावानं विमा करायलेय, मल्लीसाठी. मला बीपीची गोळी चालू हाय मार्चपासनं. ते लिहायचं का? ह्यो म्हणायलाय, कामून लिहायचं, राहू द्या."

"लिही अक्का. गोळीचं नाव लिही, डॉक्टरचं लिही. तपासायला बोलावले तर जा. हप्ता वाढला तर वाढू दे."

"बरं."

येवढंच. मग तू त्याच्याकडं वळलीस. "ऐकलास का? लिही. आन् पहिल्यापासनं वाच परत. मराठीत."

तू फोन बंद करायचं विसरलीस. बाजूला ठेवली असशील. तो वाचायलाता. आधी कुठला विमा हाय का. नाही. घरात कुणाला कसला आजार. तू सासूचं सांगितलीस, अव्वाचं सांगितलीस, सगळं सावकाश. त्याला घाई होती, आवाजावरून कळायलंतं. तुला न्हवती.

मार्चपासनं तुला गोळी चालू हाय, हे मला विम्याच्या प्रश्नातून कळलं. चक्कर येती का, कोळारला दिवसभर उभं राहावं लागतं का, डबा कोण करून देतं, हे विचारायचं होतं. गिऱ्हाईक आतून हाका मारायलंतं. मी बसस्टँडच्या भिंतीला टेकून फोन कानाला धरलो. तुझा खोकला ऐकू आला. भांडं कुठंतरी पडलं, तू मल्लीला रागावलीस.

तो शेवटच्या पानापर्यंत पोचला तवर मी हूं की चूं केलो न्हाई. आवाज केलो असतो तर तू फोन ठेवली असतीस.

प्रभू